संच नवा, पण संहिता?

स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानमालिकेतल्या एन्टरप्राइज या अंतराळ-जहाजाचा ब्रिज, म्हणजे ते जिथून चालवतात ती खोली, कशी दिसावी, यावरून मी आजवर कुणाशी भांडलेले नाही. भिंती पांढऱ्याशुभ्र करा, पडद्याच्या जागी काच लावा, कॅप्टनच्या खुर्चीला हवी तेवढी बटणं बसवा. कॅप्टन कर्कचं काम कुणी करावं, त्याच्या जहाजावरच्या उहुराच्या गणवेशाची बाही कुठवर असावी, क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या कपाळावर वळ्या किती, हे नव्याने ठरवायचा हक्क प्रत्येक पिढीला आहे असं मी मनापासून मानते. माझं भांडण एकाच जागेवरून आहे. समोर काहीतरी अनोळखी उभं ठाकलंय, हातात फेझर नावाचं किरणांचं शस्त्र आहे, आणि कॅप्टन तो चालवत नाही. आधी विचारतो, हे आहे तरी काय आणि इथे कशासाठी आलंय. स्टार ट्रेकची नवी आवृत्ती आली की ती जागा शिल्लक आहे का, एवढंच मी बघते. ती नाहीशी झालेली दिसली की मला राग येतो. त्या जागेपायीच तर मी या मालिकेच्या नादी लागले.

नादी लागले ती ऐंशीच्या दशकात. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला दूरदर्शन दिसायचं आणि रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. टीव्ही समोरच्या बिऱ्हाडात होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. काकू शटर सरकवायच्या तोवर आम्ही पोरं सतरंजीवर जागा धरून बसलेलो असायचो. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. कर्क झालेल्या विल्यम शॅटनरचं ते तोडत तोडत बोलणं मला ओ की ठो कळायचं नाही. दादा मोठा, तो मधूनच दोन वाक्यांत सांगायचा, "यांचं इंजिन बिघडलंय," किंवा "तो माणूस खरा माणूस नाहीये." बाकीची गोष्ट मी चेहऱ्यांवरून लावायचे.

त्यामुळे झालं असं, की शब्द कळायच्या आधी मला तिघांचे स्वभाव कळले. व्हल्कन ग्रहावरून आलेल्या स्पॉकची वर जाणारी भुवई, डॉक्टर मकॉयची चिडचिड, आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांचं ऐकणारा कर्क. तो लगेच काही बोलत नसे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर यायचा, संगीत चढायचं, आणि तो थांबायचा. त्या थांबण्यात काहीतरी ठरतंय, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलीलाही समजत होतं. त्यांचे शर्ट सोनेरी, निळे आणि लाल असतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आमच्यासाठी त्या करड्या रंगाच्या छटा होत्या. पुढे कॉलेजात असताना कॅम्पातल्या फुटपाथवर, जेम्स ब्लिशने कथारूपात लिहिलेल्या भागांची जुनी पेपरबॅक सापडली. ती वाचताना पहिल्यांदा संवाद कळले. पण कोण कुठे अडखळलं होतं, ते मला आधीच ठाऊक होतं.

त्यातला एक भाग सविस्तर सांगायला हवा, कारण त्याच्याशिवाय माझं म्हणणं नुसतं हवेत राहील. मार्च १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दाखवलेला हा भाग. एका ग्रहाच्या पोटात खाणी आहेत. तिथे काहीतरी आहे, जे खडकातून आरपार वाट काढतं आणि माणसांना जाळून टाकतं. पन्नासहून जास्त खाणकामगार मेलेत. कर्क येतो तोच मारायच्या इराद्याने. स्पॉक सांगतो, हा कदाचित त्याच्या जातीचा शेवटचा जीव असेल, जिवंत पकडता आला तर बघू. कर्क ऐकत नाही. सगळ्यांना सांगतो, दिसेल तिथे मारा.

आणि मग बोगद्यात कर्क एकटा सापडतो आणि तो प्राणी त्याच्या पुढ्यात येतो. रबराच्या जाड आवरणाखाली कुणीतरी माणूस सरपटतोय हे आम्हा पोरांनाही दिसत होतं. पण कर्कला ते दिसत नव्हतं, आणि शॅटनरचं काम असं होतं की थोड्या वेळाने आम्हालाही ते दिसेनासं झालं. कर्क फेझर रोखतो. प्राणी मागे सरतो. कर्क फेझर खाली करतो. प्राणी पुढे येत नाही. कम्युनिकेटरवर स्पॉकचा आवाज येतो. हाच स्पॉक मघाशी त्याला वाचवा म्हणत होता, आता मित्राचा जीव धोक्यात म्हटल्यावर सांगतोय, ताबडतोब मारा. आणि मघाशी मारायला निघालेला कर्क आता थांबलाय. दोघांच्या भूमिका पार उलट्या झाल्यात आणि कुणीही त्याबद्दल भाषण देत नाही.

पुढे स्पॉक येऊन आपलं मन त्या प्राण्याच्या मनाला जोडतो आणि वेदनेने ओरडतो. मग उलगडा होतो. हा प्राणी, हॉर्टा, एक आई आहे. खाणीत कामगारांना सापडणारे ते सिलिकॉनचे गोल गोळे, जे ते फोडून टाकत होते, ती तिची अंडी आहेत. लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या जमावापुढे कर्क उभा राहतो आणि त्यांना हे सांगतो. जखमी हॉर्टाला डॉक्टर मकॉय काँक्रीट थापून बरं करतो, "मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे" असं म्हणत. शेवटी तोडगा निघतो तोही किती व्यवहारी! पिल्लं बोगदे खोदतील, कामगार खनिज गोळा करतील. पन्नास मिनिटांच्या या गोष्टीत खलनायक कुणीच नाही. मेलेली माणसं आहेत, फुटलेली अंडी आहेत आणि दोन्ही बाजूंना आपापलं दुःख आहे. अशी गोष्ट मी त्याआधी पडद्यावर पाहिली नव्हती. आजही फारशी दिसत नाही.

मूळ मालिकेला हात लावू नका, असं म्हणणारे फॅन मला भेटतात. त्यांची माया मला समजते, पण स्टार ट्रेकचा जन्मच मुळी दुसऱ्या खेपेला झालेला आहे. जीन रॉडनबेरी यांनी पहिला नमुना-भाग केला तेव्हा कॅप्टन होता पाइक, जेफ्री हंटरने रंगवलेला. एनबीसी वाहिनीने तो नाकारला, फार बौद्धिक आहे म्हणून. पण दुसरा करून आणायला सांगितलं. त्या पहिल्या संचातलं एकच पात्र दुसऱ्यात टिकलं, ते स्पॉक. कर्क, सुलू, स्कॉटी हे सगळे नंतरचे. ८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली, ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. १९८७ मध्ये नवं जहाज आणि नवा कॅप्टन घेऊन पुढची मालिका आली तेव्हाही जुने फॅन खवळले होते. नव्वदीत आमच्याकडे केबल आली, स्टार प्लसवर पॅट्रिक स्टुअर्टचा पिकार्ड दिसला, आणि मला पाच मिनिटंसुद्धा परकं वाटलं नाही. माणूस वेगळा होता, पण थांबत त्याच जागी होता.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत लिहितात, 'नव्या संचात'. १८८२ मध्ये पुण्यातच पहिल्यांदा रंगभूमीवर आलेलं संगीत सौभद्र आजही लागतं. भरत नाट्य मंदिरात बसलेला जुना रसिक नव्या कृष्णाकडून काय मागतो? आधीच्या कृष्णाची नक्कल नको असते त्याला. गळा तुझा, ताना तुझ्या, उभं राहायची ढब तुझी. पण पद तेच पाहिजे आणि ते ज्या प्रसंगात येतं तो प्रसंग पाहिजे. उद्या कुणी कृष्ण, अर्जुन, सुभद्रा ही नावं आणि पोशाख ठेवले, द्वारकेचा झगझगीत सेट लावला, पण तो रुसवा, ती गंमत, ते मनधरणीचं गाणं सगळं काढून तिथे मारामारी घातली, तर प्रेक्षागृहातून लोक उठून जातील. रिबूटच्या, म्हणजे जुनी गोष्ट नव्याने सुरू करण्याच्या, बाबतीत मी याच मापाने मोजते. संच बदलावाच. संहिता मात्र संहिता असते.

आता २००९.

रिबूटची गरज होती, हे आधी मान्य करते. २००२ चा चित्रपट आपटला होता. टीव्हीवरची शेवटची मालिका २००५ मध्ये चौथ्या सीझननंतर बंद झाली होती. सगळं इतकं गुंतागुंतीचं होऊन बसलं होतं की नवा माणूस आत यायला दारच उरलं नव्हतं. जे. जे. एब्रॅम्स यांचा चित्रपट आला तेव्हा मी भाच्याला घेऊन ई-स्क्वेअरला गेले. तो शाळकरी होता, स्टार ट्रेकचं नाव त्याने माझ्याच तोंडून ऐकलेलं. पहिल्या दहा मिनिटांत तो खुर्चीच्या टोकावर आला होता.

त्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल मी कधीही वाईट बोलणार नाही. केल्विन नावाचं जहाज. त्याचा कॅप्टन रोबाऊ, आणि ते काम करणारा फरान ताहिर, पाकिस्तानी वंशाचा नट. टक्कल, भारदस्त चेहरा, आपल्याकडच्या एखाद्या काकांसारखी नजर. शत्रूच्या जहाजावर एकटा जातो आणि तिथेच मारला जातो. मला तो आणखी हवा होता. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात आपली पर्सिस खंबाटा डोक्याचा तुळतुळीत गोटा करून इलिया झाली होती. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपल्या बाजूचा चेहरा कॅप्टनच्या खुर्चीत दिसला. मग आपल्या कर्कचा बाप, जॉर्ज कर्क, सूत्रं हातात घेतो, आठशे माणसं वाचवतो, आणि शेवटच्या काही क्षणांत, जहाज आदळायच्या आधी, बायकोबरोबर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं नाव ठरवतो. हे अस्सल स्टार ट्रेक आहे.

युक्तीही चांगली होती. नीरो नावाचा रोम्युलन, म्हणजे एका शत्रू जमातीतला परग्रहवासी, भविष्यातून मागे येतो, त्याच्यामुळे इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. जुनं सगळं जसंच्या तसं शाबूत आहे, फक्त ते दुसऱ्या फाट्यावर आहे. जुन्या प्रेक्षकाच्या हातून काहीही हिसकावून न घेता नवी सुरुवात करायची, हा विचार करणाऱ्या लेखकांबद्दल मला आदर आहे. कार्ल अर्बनने मूळ मालिकेतल्या डिफॉरेस्ट केलीचा मकॉय असा उचललाय की डोळे मिटून ऐकावं. झॅकरी क्विन्टोचा स्पॉक तर उत्तमच. व्हल्कन ग्रह खचत असताना ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राने, सगळे जहाजावर पोचतात, स्पॉकची आई मात्र वाटेतच निसटते, आणि तो नुसता हात पुढे करून उभा राहतो. इंजिन रूमसाठी त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या बिअरच्या कारखान्यात चित्रीकरण केलं, यावर फॅन मंडळी फार कावली. मला त्या टाक्या आणि ते पाइप आवडले. जहाज चालवायला कुणीतरी घाम गाळतंय असं वाटलं. या चित्रपटाला मेकअपचं ऑस्कर मिळालं, स्टार ट्रेकच्या वाट्याला आलेलं एकमेव.

मग बिनसलं कुठे? सफरचंदापाशी बिनसायला लागलं.

कोबायाशी मारू ही स्टारफ्लीटची, म्हणजे या जहाजांच्या अंतराळ-दलाची, परीक्षा. तीत जिंकता येतच नाही. हरायची वेळ आली की तुम्ही कसे वागता, ते बघायला ती घेतात. १९८२ च्या चित्रपटात पन्नाशीला आलेला कर्क एका गुहेत सफरचंद खात कबूल करतो की आपण संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ही परीक्षा जिंकलो, मला हरायला आवडत नाही. त्या क्षणी ते ऐटीत वाटतं. थोड्याच वेळात स्पॉक जहाज वाचवायला किरणोत्सर्गात जातो आणि काचेपलीकडून विचारतो, मी ही परीक्षा कधी दिली नव्हती, माझं उत्तर कसं वाटलं? कर्कपाशी बोलायला काही उरत नाही. सफरचंदाची ऐट तिथे वसूल होते. २००९ मध्ये तरुण कर्क परीक्षा देतानाच सफरचंद खातो, खुर्चीत रेलून हसतो, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतात. चौकशी बसते खरी, पण ती अर्ध्यावर सुटते ती सुटतेच. त्याला किंमत मोजावी लागत नाही. सफरचंद घेतलं, त्याच्यामागचा हिशेब घेतला नाही.

शेवट त्याहून बोचला. नीरोचं जहाज कृष्णविवरात ओढलं जातंय. कर्क त्याला मदत देऊ करतो. स्पॉक म्हणतो, हे काय करताय? कर्क म्हणतो, दया दाखवली तर रोम्युलनांशी सलोखा होईल, हे तर्काला धरून आहे, तुला आवडेल असं वाटलं. स्पॉक म्हणतो, यावेळी नाही. थिएटरात हशा पिकला. नीरो नकार देतो आणि कर्क जहाजावरची सगळी शस्त्रं सोडायचा हुकूम देतो. मरणाऱ्या जहाजावर! कृष्णविवर ते काम करतच होतं.

मला तिथे मूळ मालिकेच्या १९६६ मधल्या एका भागातला रोम्युलन आठवला. दोन जहाजांचा लपंडाव, पाणबुड्यांच्या जुन्या युद्धपटांवर बेतलेला. हल्ला करायच्या आधी कर्क रात्री आपल्या खोलीत मकॉयशी बोलतो, माझं चुकत असेल तर काय, असं त्याला विचारतो. मग लढतो, आणि काही हातचं न राखता लढतो. पण शत्रूचं जहाज मोडून पडल्यावर तो शस्त्रं थांबवतो आणि वाचलेल्यांना आपल्याकडे घ्यायची तयारी दाखवतो. पलीकडचा कमांडर नकार देतो. म्हणतो, दुसऱ्या एखाद्या जगात मी तुला मित्र म्हटलं असतं. आणि स्वतःच्या हाताने जहाज उडवून देतो. मदत देऊ करणारा कर्क, नाकारणारा रोम्युलन, प्रसंग दोन्हीकडे तोच. एकीकडे माणूस मेल्याचं दुःख होतं, दुसरीकडे टाळी पडते.

थिएटरातून बाहेर पडल्यावर भाचा रस्त्यात नाचत होता. त्याला मी यातलं काही बोलले नाही. वडापाव खात खात त्याने मला विचारलं, "आत्या, तो म्हातारा स्पॉक कोण होता गं?" आणि मी मूळ मालिकेत स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयबद्दल सांगायला लागले. त्या एका प्रश्नासाठी मी त्या चित्रपटाची कायमची ऋणी आहे.

२०१३ चा चित्रपट मात्र मी माफ केलेला नाही. मूळ मालिकेतला १९६७ चा खलनायक खान आठवा. खान नूनियन सिंग. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघून अंदाज करते, उत्तर भारतातला, बहुधा शीख. विसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत राज्य केलेला हुकूमशहा. काम केलं रिकार्डो मॉन्टल्बान या मेक्सिकन नटाने. म्हणजे तेव्हाही आपला माणूस नव्हताच. पण साठच्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीवर, माणसांत सर्वांत ताकदवान आणि बुद्धिमान म्हणून घडवलेला पुरुष भारतातून आलाय, ही कल्पना तरी कुणीतरी केली होती. २०१३ मध्ये ती भूमिका बेनेडिक्ट कम्बरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाला दिली. तो नट गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण नाव तेवढं ठेवलं आणि ते नाव जिथून आलं तो मुलूख पुसून टाकला. त्यावर कडी म्हणजे १९८२ चा तो काचेपलीकडचा मृत्यू. यावेळी कर्क आत, स्पॉक बाहेर, आणि थोड्या वेळाने खानच्या रक्ताने कर्क जिवंत. मूळ प्रसंगामागे दोन माणसांची वर्षानुवर्षांची मैत्री होती. इथे ते दोघे एकमेकांना नुकते कुठे ओळखायला लागले होते.

२०१६ चा, जस्टिन लिनचा, त्यामानाने बरा. त्यात एक प्रसंग आहे. निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ ला गेले होते. चित्रपटातही म्हाताऱ्या स्पॉकच्या निधनाची बातमी येते, आणि तरुण स्पॉक त्याच्या सामानाची पेटी उघडतो तर आत जुन्या सवंगड्यांचा फोटो. तेवढ्यासाठी मी तो पुन्हा बघते. त्या संचाचा चौथा चित्रपट काही आला नाही.

एव्हाना भाचा मोठा झाला होता, पेठेतून कोथरूडला आमच्याजवळ राहायला आला होता आणि जुने सगळे भाग त्याने पालथे घातले होते. त्याला मी एकदा हॉर्टाचा भाग लावून माझी सगळी तक्रार ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "अगं पण आत्या, तू तुलना कशाची कशाशी करतेयस? हा भाग त्यांनी चित्रपट म्हणून काढला असता का? दोन तासांचा सिनेमा, एवढाले पैसे लावलेले, तीन-चार वर्षांतून एकदा येणार. त्यात खलनायक नसेल तर निर्माता उभा तरी करेल का?" मी म्हटलं, मग कर्कला कर्क राहायला किती पैसे लागतात? पण त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं, आणि जितका विचार केला तितकं ते पटत गेलं.

आठवड्याच्या मालिकेला एखादा भाग बिनखलनायकाचा परवडतो. पुढच्या आठवड्यात मारामारी करता येते. शिवाय मूळ मालिकेपाशी पैसेच नव्हते. दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना म्हणून ट्रान्सपोर्टर आला, आणि त्याची चमचम म्हणजे प्रकाशात उडवलेली ॲल्युमिनियमची पूड. मकॉयची काही वैद्यकीय उपकरणं म्हणजे दुकानातून आणलेल्या मिठाच्या डब्या. स्फोट दाखवता येत नसतील तर तीन माणसांना एका खोलीत उभं करून वाद घालायला लावावा लागतो. ती गरज होती, आणि त्या गरजेतून ती जागा तयार झाली जिच्यासाठी मी एवढी झगडतेय. चित्रपटाला पैसा मिळाल्यावर पहिला बळी त्या वादाचाच गेला. त्यामुळे आता मी ठामपणे म्हणते की स्टार ट्रेक नव्याने करायचं असेल तर ते मालिका म्हणूनच करावं.

आणि २०२२ मध्ये ते झालं. कॅप्टन पाइक, तोच, १९६५ मध्ये नाकारलेला पहिला कॅप्टन, त्याला स्वतःची मालिका मिळाली. ॲन्सन माउंट पाइक, इथन पेक स्पॉक. तांत्रिक भाषेत हे रिबूट नाही, जुन्याच इतिहासातली काही वर्षं आधीची गोष्ट आहे. पण नवे नट, नवं जहाज, नवी सजावट, आणि दर भागाला वेगळी गोष्ट. मी ज्याला नव्या संचातलं नाटक म्हणते ते हेच.

पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात त्यांनी केलेलं धाडस मला फार मोठं वाटतं. पाइकला ठाऊक आहे की काही वर्षांनी एका अपघातात मुलांना वाचवताना तो कायमचा जायबंदी होणार आहे. ते टाळलं तर काय होईल, हे त्याला दाखवलं जातं. टाळलं तर तो एन्टरप्राइजवरच राहील, आणि १९६६ च्या त्या रोम्युलन प्रसंगात कर्कऐवजी तो असेल. मग तो जुना भाग जवळजवळ जसाच्या तसा सुरू होतो. तेच लग्न, तोच हल्ला, तोच स्पॉकवरचा संशय. कर्क दुसऱ्या जहाजावर आहे आणि म्हणतोय, आत्ताच हल्ला करा. पाइक थांबतो. पलीकडच्या कमांडरशी बोलतो, तह करू बघतो. तो कमांडरही युद्धाला कंटाळलेला आहे. पण त्याच्याच हाताखालचा एकजण वर खबर देतो, रोम्युलनांचं आरमार येतं, कमजोरी दाखवली म्हणून कमांडरचं जहाज त्याच्याच लोकांकडून उडवलं जातं आणि युद्ध पेटतं. स्पॉक जबर जखमी होतो.

भाग संपल्यावर भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "झालं? तुझा थांबणारा कॅप्टन हरला."

हरला. आणि मला तो भाग अतिशय आवडला. तीस-चाळीस वर्षं मी जी गोष्ट उराशी धरून बसलेय, तिलाच त्यांनी कसाला लावलं होतं. १९६६ चा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा उचलला, दुसऱ्या माणसापुढे ठेवला आणि उत्तर वेगळं येऊ दिलं. २००९ चा कर्क नीरोला मदत देऊ करतो तेव्हा नकार येणार हे लेखकाला माहीत असतं आणि स्फोटाची तयारी झालेली असते. पाइक बोलायला बसतो तेव्हा मात्र त्याला खरंच उत्तर हवं असतं, आणि ते त्याच्या अंगावर उलटतं.

त्या रात्री आमचं भांडण दीडपर्यंत चाललं. भाच्याचं म्हणणं, पाइक चांगला माणूस आहे पण त्या जागी चुकीचा आहे, तिथे कर्कच पाहिजे. माझं म्हणणं, कर्कही थांबला होता. खोलीत मकॉयसमोर थांबला, जिंकल्यावर पुन्हा थांबला. मधल्या वेळात लढला. पाइक सुरुवातीलाच थांबला आणि तिथेच राहिला, कारण त्याला स्वतःच्या नशिबाशीही तडजोड करून हवी होती. भाचा म्हणाला, हे तू आत्ता जुळवून सांगतेयस. मी म्हटलं, मूळ भाग लाव. त्याने लावला.

तो बघताना आम्ही दोघे एकाच गोष्टीवर आलो. दोन्ही गोष्टींत युद्ध नको असलेला एक माणूस पलीकडे आहेच. १९६६ मध्ये मार्क लेनर्डने तो रंगवला, थकलेला, हुकूम पाळणारा, म्हाताऱ्या मित्रापाशी मन मोकळं करणारा. दोन्ही वेळा तो मरतो. एकदा स्वतःच्या हाताने, एकदा स्वतःच्या लोकांच्या. भाचा म्हणाला की तिसऱ्यांदा करायचं तर कॅमेरा त्याच्या जहाजावर ठेवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिकडेच. एन्टरप्राइज म्हणजे पडद्यावरचा एक अनोळखी ठिपका, तिथला कॅप्टन काय करेल याचा अंदाज नाही, आणि शस्त्राच्या कळीवर हात ठेवून ठरवायचं आहे ते या माणसाने. असं कुणी केलं तर मी पहिल्या दिवशी बघेन, कुठल्याही नटांसह, कसल्याही ब्रिजवर.